मधेच न उठणाऱ्या मुली

वसमत,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

चि. शीतल,

आशीर्वाद तुला, आणि त्याहून जास्त तुझ्या लेकीला. माहेरी आखाडा बाळापूरला डिंकाचे लाडू खात पडली असशील. तुझ्या वडिलांना, शेषरावांना, माझा जय भीम सांग. बाळासाठी नावांची यादी मागितली होतीस, ती पाठवत नाही. मी सुचवलेली नावं लेकरांना सातवीपर्यंत लिहिता येत नाहीत, असा गावाचा अनुभव आहे.

इकडे सगळं ठीक. थंडी बरी आहे, हळदीची पानं पिवळी पडायला लागली आहेत. गाडी वेळेवर येत नाही, मीही जात नाही. बराबर जमतं आमचं. नववीत तुला दिलेला तो स्टीलचा पेला अजून आहे का गं? सहज विचारलं.

तू रजेवर गेलीस आणि तुझा गटप्रकल्प माझ्या गळ्यात पडला. गावातला खरा प्रश्न शोधायचा आणि पाच जणांनी मिळून सोडवायचा. शब्दरूपं पाठ करून घेणारा मी, मी काय मार्ग दाखवणार? पण पोरांना मार्ग ठाऊक होता, तूच आखून दिला होतास. फारुक टेलरची कहकशा रोज शाळा सुटताना दारात उभी राहायची. मुलींच्या बाटल्यांत उरलेलं पाणी खिचडीच्या खोलीतल्या मापानं मोजायची, गटातली पुनम लिहून घ्यायची. दहा दिवस, बावन्न मुली. भरून आणलेल्या बाटल्या जवळजवळ तशाच घरी जात होत्या. कारण मुलींच्या संडासाला कुलूप आणि किल्ली शिपाई हरिचंदच्या कमरेला. कुलूप निघतं ते तपासणीच्या दिवशी. आवरून साहेबांना दाखवायचं, पुन्हा लावायचं. देव्हाऱ्यातली मूर्तीसुद्धा इतकी सोवळ्यात नसते.

मुख्याध्यापक किसनरावांनी तक्ता पाहिला. "सर, हे जिल्ह्याच्या प्रदर्शनात दाखवायचं? शाळेची अब्रू हाय का न्हाई काही? तक्ता राहू द्या, फक्त जरा सकारात्मक करा."

मी केला. कारणाच्या रकान्यावर रंगीत कागद डकवला आणि वर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'जलं जीवनम्. मुलींनो, पाणी प्या!' कुलूप आपलं आणि उपदेश त्यांना.

मंगळवारी हिंगोलीला प्रदर्शन झालं. परीक्षकांनी कहकशाला विचारलं, "मुली पाणी का पीत नाहीत, बेटा?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या आधी बोललो, "सवय नाही, साहेब. खेड्यातल्या मुली." साहेब हसले. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. ढाल, गुलाब, फोटो. फोटोत मी मधोमध आहे, पाहू नकोस.

परतताना जीपमध्ये कहकशा म्हणाली, "सर, आज दिवसभर आमी पाणी पिलो न्हाई. मधीच उठलो बी न्हाई. आमाला पेला भेटंल का?"

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं ते याच्यासाठी. वीस वर्षं मी वर्गात पोरांना सुनावत आलो, "बघा गाढवांनो, मुली तासाला एकदा तरी मधेच उठतात का? याला म्हणतात संयम." वर्षाअखेर सर्वांत संयमी मुलीला बक्षीस, पाणी प्यायचा पेला! पहिला तुला दिला. तू त्या वर्षी दोनदा तापानं दवाखान्यात होतीस. शेषराव तेव्हा म्हणाले होते, "लघवीची तकलीफ हाय म्हणतात, सर." मी त्यांना नारळपाणी सांगितलं. आणि आज विज्ञानाची बाई होऊन तू हाच प्रश्न का निवडलास, हे मला त्या जीपमध्ये कळलं. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो, तू एक शब्द बोलली नाहीस. तुझा तो संयमही माझ्याच शिकवणीतला असेल, तर थू माझ्या शिकवणीवर.

बुधवारी कहकशाच्या गटाला म्हणालो, प्रकल्प अपुरा आहे, पुरा करा. युक्ती तिचीच. गुरुवारी माझ्या तासाला दर दोन मिनिटांनी एक मुलगी उठायची, हरिचंदकडे जायची आणि किल्ली मागायची. एक परतली की दुसरी.

"हेडमास्तर साहेबाची परवानगी आणा."

"साहेब बाहेर गेलेत, मामा."

"मंग आल्यावर ये."

"थांबत न्हाई ना, मामा."

आठव्या मुलीमागं हरिचंद स्वतःच वर्गात आला. "काहून छळून राहिले सर? घ्या ही तुमची किल्ली!"

दार उघडलं. आत मोडकी बाकं, चुन्याची पोती आणि मागच्या प्रदर्शनांच्या ढाली. वास असा, की मी जरा बाहेर आलो. पुनम म्हणाली, "सर, आमाला तर रोज झाडामागं जावं लागतं. तुमी थांबा थोडं." थांबलो. नाक न झाकता थांबलो. पोरांनी बाकं काढली, पाण्याचं पिंप भरलं, फरशी घासली. निम्मी मी घासली, त्यात फुशारकी नाही, उशीरच आहे. किल्ली आता नववीच्या वर्गात खिळ्याला.

किसनरावांनी लेखी खुलासा मागितला आहे, उद्या द्यायचाय. त्यात तक्त्यावरचा कागद कोणी डकवला, परीक्षकांना खोटं कोण बोललं, हे नावासकट लिहिलंय. प्रत जिल्ह्याला. ढाल सोबत परत.

तुला एकच मागणं. कहकशानं प्रकल्पाच्या वहीचं पहिलं पान कोरं सोडलंय. 'शीतल मॅडम लिहितील,' म्हणते. त्या दोन तापांचं लिही. नारळपाण्याचंही लिही, मला वगळू नकोस. आणि पेला असेल तर धाडून दे. पिंपावर ठेवायचाय, मुलींना प्यायला.

लेकीला सांभाळ. मोठी झाली की तिला तहान लागेल तेव्हा पाणी दे आणि उठावंसं वाटेल तेव्हा उठू दे.

वीस वर्षं बसून राहिलेला, तुझा मास्तर,
प्रमोद