किल्ली कमरेलाच होती

सोम. २ फेब्रु.
वाचनालयात २१ला माझं भाषण. विषय त्यांनीच दिला: आवडत्या कादंबऱ्या आणि त्यांच्यावरचे सिनेमे. कार्यवाह म्हणाले, चाळीस मिनिटं बोला मॅडम, त्याआधी संपलं तरी कोणी तक्रार करणार नाही. तीन कादंबऱ्या परत वाचायला काढल्या. दोन झाल्या. पहिलीतली सावळी, तापट बाई सिनेमावाल्यांनी गोरी आणि रडकी केलीय. दुसरीतला म्हातारा पुस्तकात दोनशे पानं गप्प असतो, पडद्यावर दहाव्या मिनिटाला गायला लागतो. मजा येतेय. तिसरी माझी लाडकी. कॉलेजात एफ.वाय.ला अकरा वर्षं शिकवली. वाचनालयातून नवी आवृत्ती आणलीय. पाठच आहे म्हणा, चाळली तरी पुरे.

बुध. ४
चाळली. शेवट सापडेना.
नायिका घर सोडताना दाराला कुलूप लावते आणि किल्ली विहिरीत टाकते. हा माझा हातखंडा प्रसंग. इथे मी वर्गात थांबायचे, पोरांना किल्ली बुडाल्याचा आवाज ऐकू यावा म्हणून! पुस्तकात ती किल्ली कमरेला खोचते आणि चालायला लागते. आठ ओळी. विहीर आहे, पण पहिल्या प्रकरणात, धुणं धुवायला.
आवृत्ती बदलली असणार. दुसरं काय.

शुक्र. ६
वाचनालयातच कपाटामागून पहिली आवृत्ती काढून घेतली. उभ्यानेच शेवटचं पान उघडलं. किल्ली कमरेलाच.
संध्याकाळी ह्यांच्याबरोबर मोबाइलवर सिनेमा पाहिला. विहीर, किल्ली, डुबुक, वर सनई. हे म्हणाले, "तू शिकवायचीस तो शेवट हाच ना गं?" मी चहा टाकायला उठले.

रवि. ८
मंगल, माझी विद्यार्थिनी. बुधवारीच आठवली होती, लिहिलं नाही.
धायरीहून यायची. तेव्हा धायरी म्हणजे गाव. दुसरा बाक, तेल लावून घट्ट दोन वेण्या. मी किल्ली विहिरीत टाकली आणि ही उभी राहिली. "मॅडम, पुस्तकात तसं न्हाई. किल्ली तिच्या कमरंलाच हाय."
मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतंय. "आधी ‘नाही’ म्हणायला शीक, मग मला पुस्तक शिकव. न वाचता वर्गात बोलायचं नाही."
वर्ग हसला. मीही हसले. वर्ष संपेपर्यंत पुन्हा ती पोर वर्गात बोलली नाही.

मंगळ. १०
माझी स्वतःची जुनी प्रत माळ्यावरच्या पेटीत होती. काढायचं टाळत होते, आज ह्यांनी काढून दिली. शेवटच्या प्रकरणात माझ्या टिपणांचा कागद. हिरवी शाई, माझंच अक्षर. सगळ्यात वर: "शेवटची चाळीस पाने राहिली. सिनेमावरून घेणे."
हे मी साफ विसरले होते. पहिलंच वर्ष नोकरीचं, नवा अभ्यासक्रम, सासरी पाहुणे, आणि रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. कारणं आहेत. पण पुढच्या दहा वर्षांत चाळीस पानं वाचायला एक दुपार मिळू नये, ह्याला काय कारण? माझ्यासकट त्या अख्ख्या वर्गात पुस्तक पूर्ण वाचलेली एकच मुलगी होती, आणि तिला मी न वाचता बोलू नकोस म्हणून बसवलं.
कागद होता तिथेच परत ठेवला.

गुरु. १२
कॉलेजातल्या जोशीबाई मंडईत भेटल्या होत्या. त्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आहेत, त्यांच्याकडून मंगलचा नंबर घेतला. काय बोलायचं ते कागदावर लिहून फोन लावला.
नाव सांगताच तिला एवढा आनंद झाला की माझा कागद बाजूलाच राहिला. धायरीतच असते. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर ही बसते. मुलगी इंजिनियर. आता किती शुद्ध बोलते. ते ऐकूनच कसंतरी झालं.
भाषणाला ये म्हटलं. तर म्हणाली, "कादंबरीतलं मला काय कळणार मॅडम? मराठी घेऊन बी.ए. करायचं मनात होतं. पण तुम्ही तेव्हा बोललात ते खरंच होतं. मला नीट वाचता येत नाही. मग भूगोल घेतला."
जराही राग नाही आवाजात. तेव्हापासून कादंबरीच्या वाटेला गेली नाही म्हणे. मी वाचनालयाचा पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळ. १७
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, अगं एवढं काय, जुनी गोष्ट. भाषणात म्हण, काही वाचकांची इथे गफलत होते. मी चिडले, नाही नाही ते बोलले. चिडले कारण ते वाक्य भाषणात आधीच लिहून झालं होतं.

रवि. २२
काल भाषण झालं. तिसऱ्या रांगेत मंगल, शेजारी तिची मुलगी. सिनेमातली किल्ली विहिरीत जाते म्हणजे बाई परत येणार नाही, विषय संपला. पुस्तकातली बाई किल्ली घेऊन जाते, म्हणजे घर तिचंच आहे आणि यायचं की नाही ते ती ठरवणार. केवढा फरक! आणि मग मी म्हणालेच, "काही वाचकांची इथे गफलत होते." लोक हसले. टाळ्या.
नंतर ती आली. पाया पडायला वाकली, मी मागे सरकले.
"म्हणजे मॅडम, किल्ली कमरेलाच होती?"
"हो."
पुढे बोलायला हवं होतं. तू बरोबर होतीस, मी वाचलं नव्हतं. एवढंच. तेवढ्यात कार्यवाह नारळ घेऊन आले आणि मी सुटल्यासारखी त्यांच्याकडे वळले. शी.
तिने माझ्या हातातली प्रत मागितली, परत वाचून बघते म्हणाली. माझी जुनी प्रत. कागद आतच. काढून घेता आला असता. नाही काढला, दिली तशीच.
रात्री वाटलं, बरं केलं. आज वाटतंय, जे तोंडाने सांगायचं ते कागदाच्या गळ्यात घातलं. हाही पळपुटेपणाच.

मंगळ. २४
मं.चा मेसेज. शंभर पानं झाली. गिऱ्हाईक आलं की राग येतो म्हणते. मी हसरा चेहरा पाठवला. दुसरं काय पाठवणार.

शुक्र. २७
सकाळी ठरवलं, आज जाऊन सांगायचंच. तिने कागद बघायच्या आधी. रिक्षाने निघाले, अर्ध्या वाटेवर कपाळ दुखायला लागलं आणि परत आले. खरंच दुखत होतं. जरासं.
संध्याकाळी तिचा मेसेज: "शेवटची चाळीस पाने राहिली मॅडम. उद्या सकाळी होतील."
तेच शब्द. तिला काय माहीत.

शनि. २८
अकरा वाजलेत. सकाळपासून ही वही उघडी ठेवून बसलेय. एकदा फोन वाजून बंद झाला, मी हलले नाही. आता परत वाजतोय. हे फोन घेऊन दारात उभे. "मंगल आहे. दुसऱ्यांदा."
अंघोळीला गेलेय म्हणून सांगा, असं अगदी ओठावर आलं होतं. हात पुढे केलाय.