फक्त मालकाला परवानगी

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. कागदावर नको, कागद बायकोला सापडतो. म्हणून ऑफिसच्या सर्व्हरवर, 'जुने प्रिंटर ड्रायव्हर' या फोल्डरच्या पोटात. तिथे कोण मरायला जाणार? शिवाय या सर्व्हरचा राजा मी.

म्हातारपणी वाचताना गोंधळ नको, म्हणून दरबारी मंडळींची नोंद करून ठेवतो. एक, साहेब. प्रकाशक. संगणकाला हात लावत नाहीत, सगळं छापून मागतात. दोन, बाई. बत्तीस वर्षं इथे मुद्रितं तपासली, निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या मुदतीवर आहेत. चार वर्षांपासून 'अवजारांचा सचित्र कोश' एकहाती लिहिताहेत. तीन, चित्रकार. अवजारं काढतो. चार, मी. संगणकाचं सगळं मी बघतो.

अडचण अशी की बाईंचं विंडोज, चित्रकाराचा मॅक, माझं लिनक्स. तीन तोंडं तीन दिशांना. बाईंची फाइल चित्रकाराला दिसते पण सेव्ह होत नाही. चित्रकाराची बाईंना दिसते पण उघडत नाही. दिवसातून सहा वेळा माझ्या नावाने शंख.

संकल्प: महिनाअखेरपर्यंत या ऑफिसात कोणालाही परवानगी मागावी लागणार नाही.

४ मार्च, मंगळवार. दुपारी ३

महिना कशाला, एका दिवसात झालं!

सर्व्हरला सांगून टाकलं: कोणीही, कुठल्याही यंत्रावरून, काहीही केलं तरी ते बाईंनीच केलं असं समज. बाईंचं खातं यादीत पहिलं होतं म्हणून बाई. आता प्रत्येक फाइलची मालकी बाईंची आणि प्रत्येक फोल्डरवर सगळ्यांना सगळी मुभा. भांडणच मिटलं.

चित्रकार म्हणाला की ही अख्ख्या इमारतीला एकच किल्ली झाली. मी म्हणालो, म्हणूनच आता कोणी बाहेर अडकणार नाही. जाताना माझ्या खुर्चीवरची उशी घेऊन गेला. हे रोजचंच. कलावंताला आपली उशी कुठली, दुसऱ्याची कुठली, कळत नाही. बोलून वाईट कोण होणार?

असं करू नये, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलंय. पुस्तकं लिहिणाऱ्यांना सहा वेळा हाका येत नाहीत.

५ मार्च, बुधवार. दुपारी १२

उशी परत! झटकून, खुर्चीवर नीट ठेवलेली. मी अवाक्षर काढलं नव्हतं. नुसत्या नजरेचा धाक.

बाईंची नवी तक्रार: माझ्या प्रत्येक फाइलला एक पिल्लू झालंय. खरं आहे. मॅकची खोड. ज्या फोल्डरात मॅक जातो तिथे प्रत्येक फाइलशेजारी एक बारकी फाइल टाकून येतो. नावाच्या सुरुवातीला टिंब आणि पायरेघ, म्हणजे अंडरस्कोर. मॅकला ती दिसत नाही, विंडोजला दिसते. उद्या साफसफाई.

बाईंनी बजावलं की माझ्या फाइली जपा. नोंद पूर्ण झाली की त्या फाइलच्या नावापुढे पायरेघ घालतात, म्हणजे झालेल्या सगळ्या वर येऊन बसतात. मला माहीत आहे. हे त्यांनी आधीही दोनदा सांगितलंय. वय झालं की माणूस तेच तेच सांगतो.

६ मार्च, गुरुवार

११.१५. साफसफाईची आज्ञा दिली. चार सेकंदांत काम फत्ते.

११.५०. बाईंची हाक. पिल्लं आहेत तशीच आहेत म्हणे.

१२.०५. पिल्लं आहेत. आया गेल्या.

१२.३०. पायरेघेने सुरू होणारं सगळं पुसायला सांगितलं. पायरेघेआधीचं टिंब लिहायचं राहिलं. दोनशे चौदा नोंदी. ऐरणीपासून पटाशीपर्यंत.

१२.४०. घाबरायचं कारण नाही. दर रविवारी बॅकअप होतो. हे दूरदृष्टीचं काम मीच केलेलं आहे.

१.२०. बॅकअप नाही. जानेवारीत मी परवानग्या कडक केल्या, तेव्हा बॅकअपही दाराबाहेर राहिला. दर रविवारी बिचारा मेल पाठवत होता: परवानगी नाकारली, परवानगी नाकारली. ते मेल 'नंतर बघू' या फोल्डरात आपोआप जात होते. तो नियमही मीच लावलेला.

जेवलो नाही. डबा तसाच परत नेणार.

७ मार्च, शुक्रवार. सायंकाळी ५

साहेबांनी विचारलं, कोणी केलं? सर्व्हरची नोंद छापून मागितली. छापून दिली. सर्व्हर खोटं बोलत नाही. सव्वाअकरा वाजता दोनशे चौदा फाइली पुसल्या, पुसणाऱ्याचं नाव बाई.

साहेबांनी कागद बाईंपुढे सरकवला. बाई म्हणाल्या, मी नाही केलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, निदान मला तरी तसं वाटत नाही.

मी खिडकीबाहेर बघत होतो. समोरच्या इमारतीला रंग देताहेत. फिकट पिवळा.

साहेब म्हणाले की बाईंची मुदत एकतीसला संपते, पुढचं वर्ष द्यायचं की नाही ते अठ्ठावीसच्या बैठकीत ठरवू. कोश काय, दुसऱ्या कोणाकडूनही पुरा करून घेता येईल.

मी त्याच क्षणी सांगणार होतो, पण साहेबांचा फोन वाजला. फोनवर बोलणाऱ्या माणसाला अडवणं मला जमत नाही. संस्कार आहेत. सोमवारी सांगतो. नक्की.

ता. क.: सुरक्षा वाढवली. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड बदलला, चोवीस अक्षरी. डोक्यात काय काय ठेवायचं? या रोजनिशीच्या तळाशी लिहून ठेवलाय.

१० मार्च, सोमवार. सायंकाळी ५

साहेब तीन दिवस बाहेरगावी. सुटलो. म्हणजे, फारच वाईट झालं.

बाईंनी कपाटातून कागदी मुद्रितांचे गठ्ठे काढले. लाल शाईच्या जुन्या दुरुस्त्या. त्यावरून सगळं पुन्हा टाइप करताहेत, दिवसाला बारा-तेरा नोंदी. दर थोड्या वेळाने चष्मा काढून डोळे चोळतात आणि पुन्हा कामाला लागतात. चष्म्याची डबी खटकन मिटते. तो खटका थेट माझ्या पाठीत बसतो. दिवसभरात एकोणीस वेळा. माणसाने काम कसं करावं?

११ मार्च, मंगळवार. दुपारी ४

आज डबी वाजली नाही. बाई ती दोन्ही हातांत धरून हळूच मिटवतात. बिजागरी सैल झाली असावी.

सकाळी बाईंनी विचारलं, माझ्याशी काही काम आहे का? नाही म्हणालो.

चित्रकार मला 'राजे' म्हणाला. संकटातच माणसाची किंमत कळते.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी १२.३०

बाईंच्या मनगटाला पट्टी दिसली. टाइप करून सुजलंय. मी ताबडतोब बाजारातून माउसपॅड आणला, मनगटाखाली फुगीर असलेला, निळा. बाई म्हणाल्या, उगाच कशाला. मी म्हणालो, त्यात काय एवढं.

मन हलकं झालं. पावणेबारापर्यंत टिकलं.

साहेब आलेत. प्रवासाने दमले असतील. दमलेल्या माणसाला वाईट बातमी देऊ नये.

१४ मार्च, शुक्रवार. सायंकाळी ६

आज सकाळी चहा पिताना बायकोला एका मित्राची गोष्ट सांगितली. मित्राच्या हातून चूक झाली, आळ दुसऱ्यावर आला. बायको म्हणाली, तुझा मित्र घाबरट आहे. मी म्हणालो, तसा तो स्वभावाने चांगला आहे. ती म्हणाली, असेल, पण त्याच्या चांगुलपणाचा त्या बाईला काय उपयोग?

बाई आहे, हे मी सांगितलंच नव्हतं.

मित्राला सांग, उद्याच्या उद्या बोलून मोकळा हो, म्हणाली. उद्या शनिवार. ऑफिस बंद. माझा नाइलाज आहे.

१७ मार्च, सोमवार. दुपारी १

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. एकटा. दार लावून घेतलं. साहेबांनी विचारलं, काय? मी विचारलं, प्रिंटरच्या शाईचं काही अडत नाही ना? नाही म्हणाले.

बोलणं हा माझा प्रांतच नव्हे. लेखी देतो. कबुलीजबाबाचा मसुदा केला. तीन पानं. पहिली दोन मॅकच्या दोषांवर, मग अर्धं पान विंडोजवर. विषयाची पार्श्वभूमी नको? शेवटी माझ्याकडून अनवधानाने एक टिंब, असं येतं.

बाईंनी सकाळी पुन्हा विचारलं, काही काम आहे का.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ११.१५

चित्रकार जवळ येऊन म्हणाला, राजे, मॅकवर दोन पानं जरा जास्त होत नाहीत का? मी विचारलं, कसली पानं? म्हणाला, काही नाही, असंच. आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. हल्ली विचित्र वागतो. रंगांच्या वासाने होत असेल.

मसुदा अजून दिला नाही. भाषा नीट होत नाहीये.

२१ मार्च, शुक्रवार. सायंकाळी ४.३०

बाईंची 'पकड' ही नोंद दुसऱ्यांदा लिहून झाली. मला बोलावून वाचून दाखवली. मी म्हणालो, छान आहे. त्या म्हणाल्या, आधीची जास्त चांगली होती. एका लोहाराकडे तीन दिवस बसून लिहिली होती. तो जे बोलला ते थेट टाइप केलं होतं, त्याचा कागद नव्हता. आता तो लोहारही नाही आणि त्याचे शब्द मला आठवत नाहीत.

मी बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. लाज वाटली. इतकी लाज मला आजवर वाटलेली नाही. हे खरं आहे. वरचं इतर काय काय खरं आहे, मला सांगता येणार नाही.

२६ मार्च, बुधवार. सकाळी १०

मसुदा फाडला. परवा बैठकीत सगळ्यांसमोर उभा राहून चार शब्दांत सांगणार: ते मी केलं, साहेब. घरी आरशासमोर सात वेळा म्हणून पाहिलं. बायको दारात उभी होती. म्हणाली, आता हेच तिथे जाऊन म्हण.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी ३.४०

बैठक झाली.

मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, मला एक सांगायचंय. बाईंनी पेन खाली ठेवलं. चित्रकार पुढे सरकून बसला आणि बोला, बोला अशी मान हलवली. साहेब म्हणाले, बोला.

मी म्हणालो, फार कोंदट होतंय, खिडकी उघडू का?

खिडकी उघडीच होती.

चित्रकाराने कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले की बाईंना मुदतवाढ देता येणार नाही, इतकी मोठी चूक पोटात घालणं ऑफिसला जमण्यासारखं नाही. चित्रकार उठायला लागला, तर बाईंनी त्याच्या बाहीला धरून खाली बसवलं. बाई नुसतं बरं म्हणाल्या. झालेल्या नोंदी सोमवारी ताब्यात देते म्हणाल्या.

४.१०. बाई माझ्या टेबलाशी आल्या होत्या. बसल्या नाहीत.

म्हणाल्या की तुम्ही सगळं माझ्या नावावर केलंत, तेव्हा आपल्या नावावर काय काय आलंय म्हणून मी बघत होते. प्रिंटर ड्रायव्हरमध्ये एक फाइल होती. मालक मीच, म्हणून उघडली. चित्रकाराला तर ती पहिल्याच दिवशी सापडली होती. मी दहा तारखेपासून रोज सकाळी वाचते. रोज वाटायचं, आज सांगतील. रोज आत लिहिलेलं असायचं, उद्या.

मी विचारलं, मग साहेबांना छापून का नाही दिलीत? त्या म्हणाल्या, दुसऱ्याची रोजनिशी पुढे करून आपली जागा वाचवायची नसते. चित्रकार द्यायला निघाला होता, मीच अडवला. मला वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल.

मग म्हणाल्या, डबीचा आवाज त्रास देतो हे तोंडाने सांगितलं असतं, तरी चाललं असतं.

४.३५. तातडीची कारवाई. एकच किल्ली बंद. आता जो तो आपापल्या नावाने. आणि ही रोजनिशी: फक्त मालकाला परवानगी, बाकी जगाला दार बंद. एवढं लिहून फाइल मिटतो, आज्ञा देतो आणि सर्व्हर बंद करून चालू करतो. यापुढे इथे माझ्याशिवाय कोणी येणार नाही.

संकल्प: सोमवारी सकाळी, शांत डोक्याने, पूर्ण तयारीनिशी.

२८ मार्च, सायंकाळी ५.२०

हे बाईंच्या यंत्रावर, बाईंच्या खुर्चीत बसून लिहितोय.

फाइलचा मालक मी नाही. मालक बाई आहेत. ४ तारखेला मीच केलं. पासवर्ड फाइलच्या तळाशी, आत. पाऊण तास दारावर डोकं आपटून पाहिलं, मग बाईंकडे आलो. त्या निघण्याच्या तयारीत होत्या, पिशवी खांद्याला होती. म्हणालो, माझी रोजनिशी जरा उघडून द्याल का? उघडून दिली आणि शेजारी उभ्या राहिल्या.

मी लिहायला घेतलं: सोमवारी सकाळी साहेबांना सगळं

बाईंनी हात पुढे करून 'सोमवारी सकाळी' पुसलं. म्हणाल्या, फाइल माझी आहे, मला अधिकार आहे. साहेब अजून आत बसलेत.

बघितलं. बसलेत. दार उघडं आहे. फोनही वाजत नाहीये.

बाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. डबी खटकन मिटली.

जातो.