आखाजीचं मूळ आणि उतरलेली बॅटरी

सौ. लताअक्कास,

धाकट्या (आणि तुझ्या मते थापाड्या) गिरधरचा नमस्कार. तुम्हां दोघांच्या तब्येती ठीक असाव्यात. अभिमन दाजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना रागवायला वर्ग उरला नाही, तो भार आता तुझ्यावर पडत असणार, तरी सांभाळून घे. इकडे तुझी भावजय कामिनी खुशाल, केळीची बाग खुशाल, आबांचे गुडघे कुरकुरतात पण जेवण व्यवस्थित आहे. फक्त पिकअप खुशाल नाही, आणि हे मी सांगायला लागलो की तू फोन ठेवतेस. परवापासून तर उचलतही नाहीस. म्हणून पत्र लिहितो. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही (येतं म्हणा, पण मला ते दिसणार नाही).

तुझा राग मला मान्य आहे. अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, तोंडावर आली, तुझ्या गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी गेल्या आणि तू पिशवी भरून भावाची वाट पाहतेस. मुऱ्हाळी घ्यायला आल्याशिवाय लेकीनं पाऊल उचलायचं नाही ही आपली रीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिला तू आणखी एक शेपूट लावलंस. गेल्या वर्षी मी तुला धुळ्याहून एस.टी.नं आणलं, अमळनेरपर्यंत उभ्यानं यावं लागलं, तेव्हा तू बजावलंस की दारात पिकअप असताना बहिणीला लोंबकळत नेतोस, पुढच्या खेपेला गाडी माझ्या ओट्याला लावायची, शेजारणींना दिसली पाहिजे. मी शब्द दिला. देताना बॅटरीला विचारायचं राहून गेलं.

पहिल्यांदा मी खरोखर निघालो होतो. गाडी धुतली होती, कामिनीनं पुढच्या सीटवर धुवट चादर अंथरली होती. सेल्फ मारल्यावर इंजिन जरा कण्हलं, पण उठलं. अमळनेरला चहासाठी थांबलो आणि चावी बंद केली. परत फिरवली तर नुसतं टक्. हॉटेलातली अर्धी गिऱ्हाइकं धक्का मारायला आली (उरलेली अर्धी सल्ला द्यायला), आणि सुरू झालेली गाडी पुन्हा बंद करायची हिंमत नव्हती म्हणून तशीच घराकडे वळवली. तुला कळवलं, तर म्हणालीस की दर वर्षी तुझं एक नवीन निमित्त असतं.

मग चोपड्यात निर्मलकुमार शेठच्या दुकानात गेलो. शेठ बॅटऱ्या विकतात, त्यामुळे कुठलाही आजार त्यांना बॅटरीचाच वाटतो. पण जुनी बॅटरी खरंच म्हातारी झाली होती, पाणी घातलं तरी जीव धरेना. नवी बसवली. शेठनी तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणातच मेलेली. नव्या सुनेनं आल्याआल्या अंथरूण धरावं तसं झालं. शेठना फोन केला तर म्हणाले, आता डायनामो बघा.

डायनामो म्हणजे अल्टरनेटर. ते आपल्या धनसिंग मिस्त्रीचं काम, त्याला घरीच बोलावलं. त्यानं समजावलं की बॅटरी ही टाकी आणि डायनामो ही टाकी भरणारी मोटार. धक्का मारून इंजिन चालू केलं, मीटर लावला, काटा चौदा व्होल्टच्या वर. पट्टा ताठ, मोटार चोख. माझा काही विश्वास बसेना. हॉटेलातल्या सल्लागारांपासून शेठपर्यंत सगळ्यांनी डायनामोच म्हटलं होतं, त्यांना काय तोंड दाखवणार? मी हट्टानं तो खोलायला लावला. धनसिंगनं खोलला, पुसला, होता तसा परत बसवला आणि म्हणाला, "भाऊ, टाकी तं भरस, पन पानी जास कोठे?"

मग त्यानं बॅटरीची अर्थिंगची वायर काढली आणि मध्ये छोटा दिवा जोडला. चावी माझ्या खिशात, सगळं बंद, तरी दिवा पेटलेला. कोणीतरी गुपचूप वीज पीत होतं. एकेक फ्यूज काढला, दिवा तसाच. मी उंदरांना शिव्या दिल्या, मग शेजारच्यांवर संशय घेतला (तो अजून पूर्ण गेलेला नाही). शेवटी धनसिंगला बॅटरीवरून थेट निघालेली एक लाल वायर सापडली. मॅटखालून, सीटमागून ती गेली होती गाणी वाजवायच्या डेककडे. अर्थिंग परत जोडून आम्ही हात धुवून आलो, तोवर सीटवर, काचा वर करून, आबा येऊन बसले होते.

अक्का, नंतर कळलं ते असं, मी बागेत असताना आबांनी हिलाल वायरमनला बोलावून हा डेक थेट बॅटरीला जोडून घेतला होता. चावी मी त्यांच्या हाती देत नाही, म्हणून चावीच लागणार नाही अशी सोय. जेवण झालं की म्हातारा गाडीत जाऊन बसतो. आम्हाला वाटायचं, निंबाखाली सावली आहे, डुलकी काढत असतील. तासन्‌तास डेक चालू, आणि उतरताना बंद करायचं नाव नाही. मी दार उघडलं ते ओरडायलाच.

आत तू गात होतीस. दोन आखाजींपूर्वी झोक्यावर म्हटलेली गाणी, कामिनीनं मोबाईलवर धरलेली, हिलालनं पेनड्राइव्हवर भरून डेकला लावून दिलेली. (आवाज तुझा आहे तसाच आहे, त्यावर मी बोलत नाही.) गाण्याच्या मध्येच तू थांबतेस आणि म्हणतेस, "आबा, गोळ्या खाध्यात का?" आणि आबा त्या डेकला मान हलवून म्हणाले, "खाध्यात व माय." मग तुझं गाणं पुढे सुरू झालं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, तुला ठाऊक आहे. धनसिंग कपाळाचा घाम पुसायला म्हणून दूर गेला. मी दार हळूच लावलं.

संध्याकाळी मी ती वायर सोडवली. बॅटरी भरली, सकाळी गाडी पहिल्या झटक्यात उठली, आणि मी लगेच निघायला हवं होतं. पण शेतात पाणी द्यायला गेलो आणि दुपारी परत आलो तर आबा गाडीत बसलेले, डेक मुका. त्यांनी बटण दाबून पाहिलं होतं. तसेच हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. माझ्याच्यानं ते बघवेना. वायर मी पुन्हा जोडली.

म्हणून गाडी आज परत बंद आहे.

तुझा,
गिरधर

ता. क. : खरी विनंती ही की यंदाही मी एस.टी.नंच येतो, शेजारणींचं काय ते पुढल्या वर्षी बघू. तू रागावलीस तरी चालेल, पण रागावून ये.

ता. क. २ : वरचं रद्द समज. बॅटरी कशानं उतरते हे कामिनीनं आबांना सांगून टाकलं. त्यांनी स्वतः डेक बंद केला, धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "तिले लेवाले मीच जास." मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाले, मुऱ्हाळी एकच असतो. आता धुळ्याच्या गाडीत बसवून देतो आहे आणि हे पत्र त्यांच्याच खिशात घालतो आहे. चष्मा घरी विसरलेत, तेव्हा वाचलं जाणार नाही. परत निघताना स्टँडवर दाजींना सोबत आण, पायरी उंच असते. तुम्ही का आलात असं विचारलंस की ते सांगतील, "गाडी बिघडेल शे, म्हनीसन मी उनू." तू फक्त हो म्हण.