माझ्या वाट्याचा पासवर्ड शेवंतीस

मी महिपत मोरू नाखवा, वय ५६, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण त्याबद्दल शंका काढायला कंपनीचे वकील टपून बसले आहेत. बिघडला आहे तो घसा. सोमवारच्या ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, आणि पुढे फार दिवस मीही राहणार नाही.

१. कोपरीचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी शेवंती हिला. तिच्या पश्चात घर माझा एकुलता एक मुलगा पोपट याला. पुढची कलमं वाचून कोणी भुवया उंचावतील, म्हणून आत्ताच सांगतो: घर पोपटचंच आहे. चुकला म्हणून पोरगा परका होत नाही.

२. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पेचकस आणि कॉम्प्युटरची सगळी पुस्तकं डोंबिवलीच्या नंदा केतकर हिला. कळव्याच्या रसायन कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारे आम्ही तिघं होतो: मी, नंदा आणि रतन भोईर. पुस्तकांच्या समासात मी मॅनेजरसाहेबांबद्दल जे लिहिलं आहे ते तिने खोडू नये.

३. कंपनीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ मॅनेजरसाहेबांना परत करावं. ते माझ्या दिवसकार्याला आलेच तर पाणी विचारावं, खुर्ची देऊ नये.

४. आता मुख्य गोष्ट. कारखान्याच्या यंत्राचे सगळे पासवर्ड आम्ही एका फाईलमध्ये कुलूपबंद ठेवत होतो, आणि यंत्रात कोणी कधी काय केलं त्या रोजच्या नोंदींची टेपही त्याच कुलपाने बंद करत होतो. कुलूप तीन शब्दांचं. प्रत्येकाला त्यातले दोनच ठाऊक: मला पहिला-दुसरा, नंदाला दुसरा-तिसरा, रतनला तिसरा-पहिला. एकट्याला उघडता येत नाही, कोणीही दोघं मिळून उघडतात. एक आजारी पडला तर काम अडू नये आणि एक फितूर झाला तर सगळं बुडू नये, एवढाच हेतू. शब्द लिहायचा नाही, फोनवर सांगायचा नाही, कानात सांगायचा. मॅनेजरसाहेब हसायचे, "नाखवा, मिठागराच्या बाजूला बसून कसली हेरगिरी चालवलीय?"

गेल्या पावसाळ्यात वायू गळला आणि प्लांटमधला कॉम्प्युटर बघायला गेलेला रतन तिथेच गुदमरून मेला. धोक्याची घंटा वाजली नाही. कंपनी म्हणते, ती रतननेच बंद केली होती. मेलेल्या माणसावर ढकलणं सगळ्यात सोपं. त्याची बायको जनी कोर्टात उभी आहे, आणि तिच्या अंगावर रोज नवऱ्याचीच चूक फेकली जाते.

मी आणि नंदाने टेप उघडून पाहिली. घंटा त्याच दिवशी सकाळच्या पाळीत, पोपट महिपत नाखवा या नावाने आत येऊन बंद केलेली आहे. माझा पोपट तिथे शिफ्ट इंजिनिअर आहे. घंटा सारखी वाजते, माल अडतो, म्हणून मॅनेजरसाहेबांनी बंद करायला सांगितली, हे त्याने माझ्याजवळ कबूल केलं. रडला. माझंही काळीज फाटलं. नंदाने ते छापून कोर्टात दिलं, तर तिला नोकरीवरून काढलं आणि वकील म्हणाले, असले कागद कुणीही छापतो. टेप आता कोर्टाच्या ताब्यात आहे. ९ मार्चला ती न्यायाधीशांसमोर उघडायची आहे. त्याआधी माझे शब्द गेले तर ती कधीच उघडणार नाही.

पोपट माझ्या उशाशी बसून म्हणाला, "बाबा, तुमच्याबरोबर जाऊ द्या ना तो शब्द. रतनकाका काय परत येणारेत?"

"नाय येणार," मी म्हटलं. "म्हणून तर."

नंदाला माझा शब्द दिला तर तिन्ही एकटीकडे जातील, आणि वकील म्हणतील हिनेच टेपमध्ये घुसडलं. जनीला दिला तर ती फिर्यादी. म्हणून माझे दोन्ही शब्द मी शेवंतीला देतो. आई पोटच्या पोराविरुद्ध खोटं रचेल, असं म्हणायला कुठलाही वकील धजणार नाही. याच कारणाने तिला निवडलं. तिच्यावर यापेक्षा मोठा जुलूम मी जन्मात केला नाही.

तिला सांगितलं तेव्हा ती मच्छी साफ करत होती. हातातला मासा पुरा साफ केला. मग म्हणाली, "तुमी सुटाल. मना हितंच ऱ्हावाचं हाय, त्याच्यासंगती." तिने हात धुतले आणि कान पुढे केला.

५. नंदा आणि शेवंती दोघींनी ९ मार्चला हजर राहावं. पोपटने त्याआधी स्वतः उभं राहून हुकूम कोणी दिला ते सांगावं, अशी त्याच्या बापाची इच्छा आहे. सक्ती करता येत नाही. टेप उघडली की जुने शब्द बाद समजावेत.

६. माझ्या चितेला अग्नी पोपटनेच द्यावा. तो तेव्हा कोठडीत असेल तर परवानगी काढून त्याला आणावं. पोलीस बरोबर आले तरी चालतील. पुतण्यांनी पुढे होऊ नये. उशीर लागला तर मला ठेवा, पण त्याच्याशिवाय उचलू नका.

सही: महिपत मोरू नाखवा
साक्षीदार: १. नंदा केतकर, डोंबिवली. २. सखुबाई तरे, शेजारीण, कोपरी.
ठिकाण: कोपरी, ठाणे. दिनांक: ७ फेब्रुवारी १९९८.