मिश्रण क्रमांक चौदा, फक्त तुलनेसाठी

२ सप्टेंबर, शनिवार
आजपासून मी आणि ग्लेनिस, दोघांची सिगारेट बंद. कर्स्टीला नोव्हेंबरात बाळ होणार. पोरीनं फोनवर स्पष्टच सांगितलं, डॅड, सिगारेट ओढणाऱ्याच्या हातात मी बाळ देणार नाही, मग तो आजोबा का असेना. औषधाच्या दुकानात फुंकायचं यंत्र असतं, श्वासातला सिगारेटचा विषारी वायू मोजतं, त्यात दोघांनी फुंका, आकडा सहाच्या खाली आला तर या. सख्ख्या बापाला अट घालते. एकोणतीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होतो मी. लोकांची चोरी मी पकडायचो.

असो. माझी काळजी नाही. ग्लेनिसचा निश्चय मात्र कच्चा. सदतीस वर्षं संसार केलाय, ओळखतो.

प्लॅन: दोघांनी व्हेपवर, म्हणजे विजेच्या सिगारेटवर जायचं. पण दुकानातलं तयार लिक्विड नको, त्यात कोण काय घालतं देव जाणे. मी स्वतः परसातल्या शेडमध्ये बनवणार. आमच्या जुन्या सिगारेटची चव हुबेहूब जमली की ग्लेनिसला खऱ्या सिगारेटची आठवणही येणार नाही. वजनकाटा आणला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. हातमोजे, बाटल्या, लेबलं. व्हेपच्या दुकानातली केली-अ‍ॅन म्हणाली, काका, आधी एकच फ्लेवर घ्या, मोजून घाला, लिहून ठेवा, उगाच दहा गोष्टी एकत्र करू नका. निकोटिन हाताला लागू देऊ नका. मला शिकवते. तिच्या वयापेक्षा जास्त माझी नोकरी झाली आहे.

शेडमध्ये एक पाकीट सीलबंद ठेवलं. चव जुळवायची तर मूळ चव समोर हवी. त्यावर लेबल लावलं: नमुना.

६ सप्टेंबर, बुधवार
मिश्रण क्रमांक १. तंबाखू फ्लेवर चार टक्के. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी. खात्री करण्यासाठी नमुना उघडला. अर्धीच ओढणार होतो, पण अर्ध्यात विझवली तर तुलना अर्धवट राहते.

१४ सप्टेंबर, गुरुवार
मिश्रण क्रमांक ४. तंबाखू, कॅरॅमल, किंचित कॉफी. आठवडाभर कपाटात अंधारात मुरू दिलं, मग ग्लेनिसला बाटली भरून दिली. तिनं दोन झुरके घेतले आणि म्हणाली, छान आहे हो नॉर्मन, मस्तच.

फार लवकर म्हणाली. बसमध्ये न मागता तिकीट पुढे करणारा माणूस मी कधी सोडला नाही. नोंद करून ठेवली.

तुलना: एक सकाळी, एक संध्याकाळी. जीभ दोन्ही वेळा वेगळी लागते.

२३ सप्टेंबर, शनिवार
ग्लेनिस आंघोळीला गेली तेव्हा तिची बाटली काट्यावर ठेवली. ३१.४० ग्रॅम. गेल्या शनिवारीही ३१.४० होती. आठवड्यात थेंब कमी नाही. म्हणजे बाई व्हेप ओढत नाही. पण चिडचिड नाही, रडारड नाही, गालावर रंग आलाय. सदतीस वर्षांची सवय अशी हवेत जात नाही. काहीतरी ओढतेच आहे.

संध्याकाळी शेडमधून आत आलो, कोट खुंटीला अडकवला आणि लगेच वास आला. सिगारेटचा. शेजारीच तिचा कोट. आता पुरावाच मिळाला की.

विचारलं, व्हेप आवडतो ना? म्हणाली, हो रे बाबा, किती वेळा विचारशील.

५ ऑक्टोबर, गुरुवार
दुसरा नमुना. (पहिला संपला.) त्यातल्या सिगारेटी आज मोजल्या. अकरा. माझ्या वहीप्रमाणे चौदा हव्यात. वही मी रोज लिहितो, एखादा दिवस राहिला असेल तेवढाच. तीन गेल्या कुठे? ग्लेनिसला शेडचा पत्ता लागला.

नवं कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
वाईट दिवस. मिश्रण क्रमांक ९ ला धार नव्हती म्हणून दालचिनीचा फ्लेवर घातला, दोन टक्के लिहिलाय, जरा जास्तच पडला. व्हेपची छोटी टाकी भरून खिशात ठेवली आणि पोस्टात रांगेत उभा राहिलो. थोड्या वेळानं मांडीला गार लागलं. टाकीला उभी चीर गेलेली, सगळं लिक्विड पँटीत.

घरी आलो तर ग्लेनिसनं दारातच पँट उतरवायला लावली. मांडी साबणानं धुतली, पुन्हा धुतली, निकोटिन आहे ते, गप उभा राहा म्हणाली. तेवढ्यात शेजारच्या मिसेस हॅझलहर्स्ट अंडी परत द्यायला आल्या. मी हवामानावर दोन शब्द बोललो.

टाकी चांगली मजबूत होती. कुणीतरी चीर पाडली असणार. कोणाला फायदा, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि मांडी धुणाऱ्या बाईकडे बघितलं.

केली-अ‍ॅनला टाकी दाखवली. म्हणाली, काका, दालचिनी आणि लिंबू प्लॅस्टिक खातात, काचेची टाकी घ्या म्हणून सांगितलं होतं ना? बाटलीवरही लिहिलंय. बघितलं. लिहिलं होतं खरं, पण त्यावर माझं लेबल लागलं होतं. मग विचारलं, स्वयंपाकघरात पेपरमिंटचं तेल आहे, ते चालेल का? तिनं काउंटरवरचं आवरायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. तेल छातीत ओढायचं नसतं काका, कधीच नाही, मला वचन द्या. दिलं. सुरक्षिततेच्या बाबतीत मी कडक आहे.

या धक्क्यानंतर तुलना तीन. एक मनःशांतीसाठी धरली तर चार.

१९ ऑक्टोबर, गुरुवार
कुलूप शाबूत आणि पाकिटात दोनच. बाईनं दुसरी किल्ली करून घेतली आहे. चावीवाला कोण ते शोधलं पाहिजे.

ग्लेनिस दर गुरुवारी चारला बाहेर जाते. विचारलं तर म्हणते, जरा पाय मोकळे करते. आज पाठलाग केला. ती बसमध्ये खाली बसली, मी वरच्या मजल्यावर, पेपर तोंडासमोर. ड्रायव्हर जुना ओळखीचा निघाला. अरे इन्स्पेक्टरसाहेब, निवृत्त झालात तरी सुटका नाही का आमची, असं सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला. बहुतेक तिनं ऐकलं नाही.

उतरली ती नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर. तासाभरानं ओले केस घेऊन बाहेर आली. हसत होती. मी समोरच्या बस थांब्यावर दोन तुलना केल्या.

हुशार आहे. पोहून आलं की अंगाला क्लोरीनचा वास येतो. दुसरा कुठला वास येतच नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार
मुलगी झाली. दोन आठवडे आधी. नाव विनिफ्रेड. कर्स्टीनं फोटो पाठवला, माझ्या आईचं नाक आहे. मी शेडमध्ये जाऊन बराच वेळ बसलो. चष्मा पुसत होतो. लेबलं धूसर दिसत होती.

फुंकायचं यंत्र दहा तारखेला, सकाळी साडेदहा. ग्लेनिस नापास झाली तर पोर मला एकट्याला हातात घ्यावी लागेल. तिचं फार वाईट वाटेल, पण नियम तो नियम.

चहाच्या वेळी ग्लेनिस म्हणाली, नॉर्मन, तुला काही सांगायचंय का? हळू आवाजात. मी म्हटलं, तुला काही सांगायचंय का? ती उठून कप विसळायला गेली. अपराधी माणूस हाताला काम शोधतो.

१० नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ८
मिश्रण क्रमांक १४ तयार. हेच ते. तंबाखू, व्हॅनिला, दालचिनीचा अंश, काचेच्या टाकीत. इतकं महत्त्वाचं मिश्रण एका तुलनेवर पास करता येत नाही, म्हणून दोन केल्या. निघताना तिसरी, चव जिभेवर राहावी म्हणून. व्हेपमुळे यंत्राचा आकडा चढत नाही, केली-अ‍ॅननं सांगितलंय. त्यामुळे मी निर्धास्त.

त्याच दिवशी, दुपारी १२
औषधाच्या दुकानात मागच्या खोलीत बसवलं. फरझाना नावाची बाई, नम्र. ग्लेनिसनं फुंकलं. १.

मी फुंकलं. २३.

नळी बदलून मागितली. २२. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. फरझानानं स्वतः फुंकलं. २. मी म्हटलं, घरात दुसऱ्या कुणाचा धूर असेल तर? ती म्हणाली, घरात आणखी कोण आहे? मी ग्लेनिसकडे बोट केलं. मला आता ते लिहिताना लाज वाटते, पण केलं.

ग्लेनिसनं नवी नळी घेतली आणि पुन्हा फुंकलं. १.

मग म्हणाली, तुझं लिक्विड मी दोनच दिवस ओढलं नॉर्मन, नंतर तेही सोडलं. हात स्वस्थ बसेनात म्हणून पोहायला जाते. बाटली समोर ठेवायची, तू रोज विचारायचास म्हणून. शेडचा धूर स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो रे. सप्टेंबरपासून वाट बघते, आज सांगशील, उद्या सांगशील. मग फरझानाला म्हणाली, ह्यांचं नाव सोमवारी सिगारेट सोडणाऱ्यांच्या यादीत घाल बाई.

घरी येऊन वही काढली. फक्त तुलना मोजल्या. एकशे बत्तीस. लिहायचे राहिलेले दिवस वेगळेच.

१२ नोव्हेंबर, रविवार
कर्स्टी बाळाला घेऊन आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. डॅड, हात धुवा, स्वेटर बदला आणि तिकडे दाराजवळच्या खुर्चीत बसा, म्हणाली. बसलो. ग्लेनिस सोफ्यावर, विनिफ्रेड तिच्या कुशीत. मध्ये सगळा गालिचा. ग्लेनिसनं बाळाचं तोंड माझ्याकडे करून धरलं. पोर झोपली होती. नाक खरंच माझ्या आईचं आहे. मी रडलो, सगळ्यांसमोर, स्वेटरच्या बाहीला डोळे पुसत.

पाकीट ग्लेनिसच्या हातात दिलं. तिनं विचारलं, हेच एक? मग दुसरंही दिलं.

सोमवारी साडेनऊला फरझानाकडे जायचंय. ग्लेनिस म्हणाली, मी येते सोबत. मी म्हटलं, कशाला, माझ्यावर भरवसा नाही का? ती म्हणाली, नाही.

म्हटलं, ये मग.