काचेखालचं गोडं पाणी

४ फेब्रुवारी १९८६

झालं एकदाचं! ट्रस्टवाल्यांनी काचा बसवल्या. चार लांब टाक्या, वर तिरकी काच. आत विहिरीचं खारं पाणी ओतायचं, उन्हानं वाफ होते, काचेला लागते, थेंब पन्हळीतून कॅनमध्ये – गोडं पाणी! आमच्या आठ घरांना घरटी एक कळशी. देखरेख माझ्याकडे, कारण आळीत सातवी पास मीच. ट्रस्टचं इथलं काम बघणारे नरहरीभाऊ केळव्याचे. म्हणाले, "रोज शंभर लिटर पडायला पाहिजे. महिन्यानं वही बघणार. नाहीतर काचा दुसऱ्या गावाला."

पडणारच!

६ फेब्रुवारी

शंभर पडले. कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही – मला दिवस गेलेत. तिसरा लागला. गेल्या खेपेला लांबच्या वाडीतून डोक्यावर पाणी आणताना बांधावरून घसरले आणि सगळं संपलं. ती वाट मला परत नको. देवा, नकोच.

९ फेब्रुवारी

सासूनं पहिला घोट थुंकला! "चवच नाय ह्याला. मेलेलं पानी." मग त्याच पाण्यात तुरीची डाळ लावली. एरवी खाऱ्या पाण्यात दोन तास खदखदली तरी दाणा न् दाणा टणक. आज लोण्यासारखी शिजली. तरी कौतुकाचा शब्द नाही. काशीबाई ती काशीबाईच! ताट मात्र पुसून खाल्लं.

१५ फेब्रुवारी

पंचावन्न!!

१८ फेब्रुवारी

साठ. काच गळत असणार. बोईसरहून काचेला लावायची लांबी आणली, सगळ्या फटी बुजवल्या. हात काळे, कंबर दुखते.

१९ फेब्रुवारी

अठ्ठावन्न. मेल्या काचेला वासही मारतोय. मी दिवसभर बाजारात मासळी विकायला, बघणार कोण?

२० फेब्रुवारी

दुपारीच परतले. बघते तर काय – दोन टाक्यांवर जुनं लुगडं, त्यावर बारीक कोलंबीचा जवळा वाळत पसरलेला! आणि शेजारी सासू, कावळे हाकत.

"काच गरम हाय, वालू लागत नाय. पालघरला हातोहात खपतो."

"आय, ऊन अडवलंत तर पाणी पडेल कसं?"

"दोन टाक्या मोकल्या हायत ना!"

डोकंच फिरलं माझं. नको नको ते बोलले. तिनं गुपचूप जवळा गोळा केला. वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

२७ फेब्रुवारी

रोज शंभराच्या वर. सासू बोलत नाही.

४ मार्च

भाऊ आले. अख्खी आळी जमली. वही बघितली, मधले दिवस बघून मान हलवली. "असं मध्येच घटणारं यंत्र काय कामाचं? काचा काढाव्या लागतील."

खरं सांगावं, तर चारचौघांत सासूचं नाव घ्यायचं?

तेवढ्यात सासू पुढे झाली. "यंत्राचा दोष नाय, भाऊ. माजा जवला होता वर. सून शानी हाय, मीच येडी. काचा ऱ्हाऊ द्या."

आळी खो खो हसली. तिनं मान खाली घातली नाही. भाऊंनाही हसू आवरेना. काचा राहिल्या!

५ मार्च

सकाळी मासळीची पाटी उचलायला वाकले, तर सासूनं हातातून काढून घेतली. "चौथा लागला ना तुला? बस घरात."

मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं!