एकोणीस मिनिटांची सरासरी

मी, रोवेना स्टेग पर्व्हिस, वय एकतीस, भूमापन अभियंता, राहणार पर्ल क्रीक रोड, टॅलोफा काउंटी, मिसिसिपी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे; कोणी भाग पाडलेले नाही. मला चौतिसावा आठवडा चालू आहे आणि प्रसूतीचे सर्वांत जवळचे रुग्णालय माझ्या दारापासून एकाहत्तर मिनिटांवर आहे. कारण एवढेच.

१. घर, मागची अकरा एकर पाइनची झाडी आणि बँकेतली शिल्लक माझे पती डेल यांना. बाळ जगल्यास त्याचा सांभाळ तेच करतील. ते महिन्यातले चौदा दिवस समुद्रातल्या तेलविहिरीवर असतात. त्या दिवसांत त्यांची आई करील.

२. मोजणीची दुर्बीण आणि तिपाई काउंटीच्या शाळेला. तिपाईचा एक पाय पाव इंच आखूड आहे. वापरणाऱ्याला आधी सांगावे.

३. कोठारातले, हाताने वारा घ्यायचे पुठ्ठ्याचे चारशे पंखे बेथेल चर्चला. त्यांच्यावर माझे आजोबा, राज्याचे सिनेटर ॲल्व्हिन स्टेग, यांचा फोटो आहे. चव्वेचाळीस वर्षे ते त्या खुर्चीत आहेत. बारा निवडणुका झाल्या, आणि प्रत्येकीत प्रचार म्हणून असे पंखे चर्चच्या बाकाबाकावर ठेवले गेले. लहानपणी त्यांना काड्या चिकटवायचे काम माझे आणि माझी धाकटी बहीण लेटी हिचे. आजोबा म्हणायचे, "पोरींनो, माझं नाक वाकडं झालं तर मतं जातील हं." लेटी म्हणायची, "ते आधीच वाकडं आहे, आजोबा." ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. फोटो कोणी फाडू नये. पंखे चांगले आहेत.

४. हे कलम मालमत्तेचे नाही. सहा वर्षांपूर्वी गरिबांच्या उपचारांसाठी वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी घ्यायचा की नाही, यावर राज्याच्या सिनेटमध्ये मतदान होते. नाकारला तर आमच्या गावातला प्रसूती विभाग बंद होणार होता. आजोबांनी मला विचारले, "तू मोजणीवाली. पुढचं रुग्णालय किती लांब? एकच आकडा दे." मी काउंटीतल्या सगळ्या घरांची सरासरी काढली: एकोणीस मिनिटे. आकडा बरोबर होता, कारण बहुतेक लोक महामार्गालगत राहतात. आमच्या टोकाचा आकडा दुसऱ्या पानावर होता. ते पान त्यांनी मागितले नाही आणि मी पुढे केले नाही. सभागृहात ते म्हणाले, "माझी नात अभियंता आहे. एकोणीस मिनिटं! एवढ्यासाठी वॉशिंग्टनपुढे हात पसरायचा?" विभाग बंद झाला.

पुढच्या वर्षी चर्चच्या अंगणातल्या जेवणात शेजारी ओडेल मॅकनीस म्हणाले, "सिनेटर, तुमच्या पंख्याचा वारा झकास लागतो. पण कळा सुरू झाल्या की काय, त्याच्यावर बसून जायचं?" सगळे हसले. आजोबा हसले. लेटीही हसली, तिला सातवा महिना होता. ती माझ्या पलीकडच्याच घरात राहत होती. पाच आठवड्यांनी ती आणि तिचे बाळ रुग्णालयाच्या वाटेवर, गाडीतच गेली. अडतिसाव्या मिनिटाला.

५. काउंटीत कोणीही गेले की आजोबा त्या घरी हाताने पत्र लिहितात. इतक्या वर्षांत एकही घर चुकलेले नाही. लेटीनंतर मलाही आले, टपालाने. ते चार मैलांवर राहतात. सगळ्यांना लिहितात त्याच तीन ओळी होत्या, फक्त नाव वेगळे. त्यांना दुसऱ्या ओळी येतच नाहीत, हे मला उशिरा कळले. ते पत्र माझ्याबरोबर पुरावे. मी रागावून हे सांगते आहे असे कोणी समजू नये. नुसता राग असता तर सोपे गेले असते.

६. आजोबा, तुम्हाला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि मला तुमची सही हवी आहे. सही करण्याआधी माझ्या दारातून निघा, स्वतः गाडी चालवत रुग्णालयाच्या दारापर्यंत जा आणि परत या. जायला किती वेळ लागला तो सहीखाली लिहा. सरासरी नको.

ठिकाण: पर्ल क्रीक रोड
दिनांक: १४ सप्टेंबर २०२४
सही: रोवेना स्टेग पर्व्हिस

साक्षीदार पहिला: ओडेल मॅकनीस
(पोरी, पहिली कळ आली की फोन कर. ट्रकची टाकी भरून ठेवली आहे.)

साक्षीदार दुसरा: ॲल्व्हिन स्टेग
(त्र्याऐंशी मिनिटं. अडतिसाव्या मिनिटाला गाडी बाजूला घेतली. मग लगेच निघता आलं नाही.)